फाइलमधले १८ गुण आणि घरातल्या आत्याबाई

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सांगलीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींच्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांच्या सासूबाई, ज्यांना त्या 'आत्याबाई' म्हणतात, ७६ वर्षांच्या आहेत, शिक्षण चौथीपर्यंतचे. सारे आयुष्य कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावी शेतीत आणि गुरांत गेले. पतीच्या निधनानंतर त्या थोरल्या मुलाकडे सांगलीला आल्या. दोन वर्षांपूर्वी मिरजेत त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. त्या वेळच्या चाचणीत ३० पैकी १९ गुण होते, गेल्या वर्षी १६ झाले आणि या उन्हाळ्यात दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे १८. पुण्याचे धाकटे दीर हे आकडे पाहून म्हणतात की तब्येत सुधारते आहे. पती म्हणतात, "डॉक्टरांपुढं नीट बोलते, घरात आल्यावरच कशी बिघडते? मुद्दाम करते." सासूबाईंची आंघोळ सून करून देते, तरी फाइलमधल्या तक्त्यात 'आंघोळ : स्वतंत्र' असे लिहिलेले आहे, कारण त्या दिवशी प्रश्नांना उत्तरे पतीने दिली होती. रोज संध्याकाळी त्या गाठोडे बांधून गावी निघतात. भाकरी अजूनही सुरेख थापतात, पण मागच्या महिन्यात गॅस उघडा राहिला. गुण बरे आहेत तोवर जमिनीच्या कागदावर त्यांची सही घेऊन ठेवावी, असेही दिरांचे म्हणणे आहे. भगिनी विचारतात, "कागद खरा की मी खरी? स्वयंपाकघर बंद करू का? आणि या फाइलचा मला उपयोग तरी काय?"

ताई,

तुमच्या घरात भाऊजींकडे गुणांचा तक्ता आहे, तुमच्या यजमानांकडे दवाखान्यातल्या अर्ध्या तासाची आठवण आहे आणि तुमच्याकडे रोजचा सगळा दिवस आहे. यांतले एक खरे ठरले तर बाकीचे खोटे, असे तिघांनीही धरून चालले आहात. मला तसे वाटत नाही. चाचणीचा आकडा आणि तुमचा अनुभव ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की घरात वाद होतो. म्हणून आधी त्या फाइलमध्ये काय मोजले जाते ते पाहू, मग तुमच्या स्वयंपाकघराकडे वळू.

३० गुणांची जी चाचणी बहुतेक फाइलींत 'एमएमएसई' या नावाने दिसते, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात आज कोणता वार, कोणती तारीख, आपण कुठे आहोत यांना मिळून १० गुण असतात. तीन शब्द ऐकून लगेच म्हणण्याला तीन आणि थोड्या वेळाने आठवून सांगण्याला तीन. शंभरातून सात-सात वजा करत जाण्याला पाच. उरलेले नऊ गुण वस्तू ओळखणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, सूचना पाळणे, वाचणे, एक वाक्य लिहिणे आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढणे यांना. सर्वसाधारणपणे २४ च्या खाली गुण आले की डॉक्टर सावध होतात. आता ज्या बाईने चौथीनंतर सहीपलीकडे पेन हातात धरले नाही, तिचे वाक्याचे, पंचकोनांचे आणि वजाबाकीचे काही गुण आजारापूर्वीच गेलेले असणार, हे उघड आहे. ही अडचण आपल्याकडच्या संशोधकांच्याही लक्षात आली होती. हरियाणातल्या वल्लभगड भागात, शाळेत न गेलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप करण्यात आले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लिहून दाखवण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य तोंडी सांगायचे असते, आणि कागदावरची सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याकडे पाहून तसेच करायचे असते. तेव्हा १९ हा आकडा वाचताना तो कोणाचा, किती शिकलेल्या माणसाचा, कोणत्या भाषेत घेतलेला, त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता की नव्हता, हे शेजारी लिहिलेले असल्याशिवाय त्याचा अर्थ अर्धाच लागतो.

भाऊजींच्या तक्त्याबद्दल माझे पहिले म्हणणे असे की फाइल उघडा आणि या उन्हाळ्यातल्या कागदाच्या माथ्यावर चाचणीचे नाव काय आहे ते वाचा. कॅनडात मॉन्ट्रियल येथे तयार झालेली आणि २००५ साली प्रसिद्ध झालेली 'मोका' नावाची दुसरी चाचणीही ३० गुणांचीच असते, पण ती अधिक कठीण असते आणि तिच्यात कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. एका चाचणीचे १६ आणि दुसरीचे १८ एका रेषेत मांडून निष्कर्ष काढता येत नाही. चाचणी तीच असली तरीही दोन-तीन गुणांचा फरक आदल्या रात्रीची झोप, परीक्षकाची पद्धत, प्रवासाचा शीण किंवा प्रश्न ओळखीचे झालेले असणे एवढ्यानेही पडू शकतो. १६ चे १८ झाले म्हणून आत्याबाई सुधारल्या असे म्हणता येत नाही आणि १९ चे १६ झाले तेव्हा त्या कोसळल्या होत्या असेही म्हणता येत नाही. एकूण बेरजेपेक्षा कोणत्या रकान्यात गुण गेले ते पाहा. तीन शब्द थोड्या वेळाने आठवण्यात शून्य, पण सूचना पाळण्यात पुरे गुण, असे असेल तर त्यातून तुम्हाला घरात उपयोगी पडेल असे काही कळते: त्यांना सांगितलेले समजते, पण टिकत नाही. 'दहा वाजता गोळी घ्या' हे आठ वाजता सांगून उपयोग नाही. गोळी हातावर ठेवून 'ही घ्या' म्हटले की काम होते.

तुमच्या यजमानांच्या शंकेत तुम्हाला चीड येण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्यांनी पाहिलेले खोटे नाही. दवाखान्यात खोली शांत असते, समोर एकच माणूस असतो, तो एका वेळी एकच प्रश्न विचारतो आणि वेळ बहुधा सकाळची असते. 'या, बसा, चहा घेतला का' ही बोलण्याची रीत या आजारात बराच काळ शाबूत राहते, त्यामुळे नवख्या माणसाला आत्याबाई अगदी ठीक वाटतात. घरी मात्र कोणी प्रश्न विचारत नाही. कधी उठायचे, कोणते लुगडे घ्यायचे, न्हाणीघरात गेल्यावर आधी काय करायचे हे सगळे स्वतःच ठरवावे लागते, आणि नेमके तेच त्यांच्या हातून सुटले आहे. मुद्दाम करायचे म्हटले तरी बेत आखावा लागतो, तो लक्षात ठेवावा लागतो आणि वेळेवर अमलात आणावा लागतो. तेवढे जमत असते तर फाइलच उघडावी लागली नसती. हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी तुमच्या यजमानांना सांगितलेले बरे. तशी विनंती डॉक्टरांना जरूर करा.

आता 'आंघोळ : स्वतंत्र' या नोंदीकडे येते. पत्रातला हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण माझ्या मते तुमच्या फाइलमधली खरी चूक गुणांत नाही, इथे आहे. दैनंदिन कामांचे तक्ते, म्हणजे आंघोळ, कपडे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण, हे रुग्णाची परीक्षा घेऊन भरत नाहीत. सोबत आलेल्या माणसाला विचारून भरतात. आजार सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवणारी 'सीडीआर' नावाची श्रेणीही, जिच्यात शून्य, अर्धा, एक, दोन आणि तीन असे आकडे असतात, बऱ्याच अंशी घरच्या माणसाच्या सांगण्यावर उभी असते. सकाळी नऊला दुकानात जाऊन रात्री परतणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे जे सांगितले, ते चावडीत बसून लिहिलेल्या पीकपाहणीसारखे झाले: कागद पक्का, पण रानात वेगळेच उभे. त्यांना दोष देऊ नका, मात्र पुढच्या वेळी त्या खुर्चीवर तुम्ही बसा. आत्याबाईंच्या देखत त्यांच्या शौचाविषयी आणि कपड्यांविषयी बोलणे त्यांना लागते, आणि मग त्या रागाने 'माझं मी करते' म्हणतात, तेही पुन्हा कागदावर जाते. म्हणून दहा मिनिटे वेगळे बोलण्याची वेळ आधीच मागून घ्या. किरकोळ वाटणाऱ्या या एका शब्दावरून पुढचे बरेच काही ठरत असते: औषध पुरे आहे का, घरी मदतनीस हवी का, आजार किती पुढे गेला आहे.

पण तुमच्या 'मीच आंघोळ घालते' या वाक्यालाही मी एक प्रश्न विचारणार आहे. तुम्ही लिहिता की बादली भरून, साबण समोर ठेवून 'घ्या आत्याबाई' म्हटले की त्या तांब्याने पाणी घेतात. अडतात ते लुगडे सोडताना, आणि पाठ तुम्ही चोळून देता. म्हणजे त्या पूर्ण स्वतंत्र नाहीत आणि पूर्ण परावलंबीही नाहीत. पाणी काढून देणे, सुरुवात करून देणे, शब्दाने सुचवणे, हात लावणे आणि सगळे आपण करणे या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. घाईच्या सकाळी आपण शेवटच्या पायरीवर उडी मारतो, कारण ते लवकर उरकते. मग जे हातून होत होते तेही वापरात न राहिल्याने जाते. डॉक्टरांना 'मी आंघोळ घालते' एवढेच सांगू नका. कुठे अडतात आणि कोणत्या मदतीने पुढे जातात, ते सांगा.

स्वयंपाकघराच्या प्रश्नाचे उत्तर याच वाटेने मिळते. तक्त्यात 'स्वयंपाक' हा एकच रकाना असतो आणि तिथे होय किंवा नाही असे लिहिले जाते. त्यामुळे भाऊजींना 'होय' दिसते आणि गॅस उघडा राहिलेल्या दिवशी तुम्हाला 'नाही' दिसते. भाकरी करणे हे एक काम नव्हे. काठवटीत पीठ घेणे, शाळूचे पीठ किती पाणी मागते ते हाताला कळणे, मळणे, थापणे, हे सारे साठ वर्षांच्या सवयीने हातांत मुरलेले आहे आणि ही हातांची स्मृती या आजारात बराच काळ टिकते. शेगडी पेटवणे, तव्यावरची भाकरी लक्षात ठेवून उलटणे आणि शेवटी गॅस बंद करणे यांना मात्र ताजी आठवण आणि लक्ष लागते, आणि चाचणीत नेमके तिथेच गुण गेले आहेत. तेव्हा स्वयंपाकघर बंद करू नका, गॅस बंद करा. काम झाले की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवण्याची घरातल्या सगळ्यांना सवय लावा. लायटर त्यांच्या नजरेसमोर राहणार नाही असे पाहा. पीठ आणि काठवट त्यांच्याकडे, तवा तुमच्याकडे, अशी वाटणी करा. ज्यांच्या घरी आजार याहून पुढे गेला आहे त्यांनी परातीत नुसता गोळा मळायला दिला तरी चालेल. त्या पिठाच्या भाकरी झाल्याच पाहिजेत असे नाही.

संध्याकाळच्या गाठोड्याविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे आणि फाइलमध्ये त्यासाठी एकच आकडा आहे: 'एनपीआय, अस्वस्थता : ८'. एनपीआय ही वागण्यातले आणि मनःस्थितीतले बदल मोजणारी प्रश्नावली. तो आकडा कसा येतो ते सांगते. भास, संशय, चिडचिड, उदासी, झोप अशा बारा गोष्टींपैकी प्रत्येकीला ती किती वेळा घडते यासाठी एक ते चार आणि किती तीव्र असते यासाठी एक ते तीन असे गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. रोज घडते म्हणून चार, मध्यम तीव्रतेची म्हणून दोन, गुणाकार आठ. याच्याच शेजारी सांभाळणाऱ्याला किती त्रास होतो याचा शून्य ते पाच असा वेगळा रकाना असतो, जो बेरजेत धरत नाहीत. तुमच्या फाइलमध्ये तो कोरा आहे, असे तुम्ही लिहिता. तो तुम्हाला विचारला गेला पाहिजे होता; पुढच्या भेटीत विचारला नाही तर स्वतःहून सांगा. यात तक्रार केल्यासारखे काही नाही, तो तपासणीचाच भाग आहे.

त्या आठमध्ये काय नाही, तर वेळ आणि कारण. तुम्ही पत्रात ओघात लिहून गेला आहात की रविवारी नातू घरी असतो तेव्हा गाठोडे निघत नाही. संपूर्ण फाइलपेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटले. 'म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय' म्हणून ज्या उठतात, त्यांची आयुष्यभराची ती कामाची वेळ आहे, आणि सांगलीच्या फ्लॅटमध्ये त्या वेळी त्यांच्या हाताला काहीच नाही. म्हैस केव्हाच विकली हे पटवण्यात अर्थ नाही. तुम्ही ते करून पाहिले आहे आणि त्यांनी तुम्हाला चोर ठरवले आहे. पंधरा दिवस एका वहीत चार गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झाले, त्याआधी अर्धा तास काय चालले होते, घरात कोण होते, आणि कशाने थांबले. दुपारचा चहा चुकला होता का, शौचाला झाले होते का, दिवे उशिरा लागले का, हे त्यात आपोआप येईल. त्या वहीवरून साडेचारला चहा-चिवडा, पाचला दिवे आणि त्या वेळेपुरते निवडायला शेंगा किंवा लसूण, एवढा बदल करून पाहा. औषध वाढवण्याचा विचार डॉक्टर करतीलच, पण ती वही पाहिल्यावर करतील तर अधिक बरे.

एका बाबतीत मात्र वही लिहीत बसू नका. दोन-चार दिवसांत अचानक फरक पडला, त्या फार गुंगीत राहू लागल्या, भलतेच बोलू लागल्या, चालता चालता तोल जाऊ लागला, तर आजार पुढच्या टप्प्यात गेला असे समजून घरी थांबणे धोक्याचे आहे. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. दिवसांत घडलेल्या बदलामागे बहुधा लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, रक्तातले सोडियम कमी होणे, साचलेला मलावरोध, पडून डोक्याला लागलेला मार किंवा नवी गोळी असते. सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवीच्या काही गोळ्या अशा रुग्णांचा गोंधळ वाढवतात. त्या परस्पर थांबवू नका, पण चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा दिवसांत घेतलेली ३० गुणांची चाचणी आधीच्या चाचणीशी ताडून पाहू नये.

फाइलचा उपयोग काय, या प्रश्नावर थोडे विषयांतर करते. न्यूझीलंडमध्ये वृद्धांना सरकारी खर्चाने घरी मदत हवी असेल तर 'इंटरराय' नावाची ठरीव तपासणी होते. प्रशिक्षित परिचारिका घरी येऊन बसते आणि आकलन, चालणे, पडणे, वेदना, मनःस्थिती यांबरोबरच सांभाळणाऱ्याची अवस्थाही नोंदवते, आणि त्या नोंदींवरून कोणाला किती मदत हवी ते ठरते. माहिती जिथे गोळा झाली तिथेच तिचा काही विनियोग झाला, हे मला त्यात आवडते. आपल्याकडे गावच्या आरोग्यसेविका आशाताई घरोघरी आरोग्याची माहिती घेण्यासाठी जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्यातही साठीपुढच्यांसाठी रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का, असे प्रश्न आहेत. बहुतेक घरांत त्यांना 'नाही, नाही' असे उत्तर मिळते, कारण शेजारी ऐकत असतात. भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या कित्येकांची कोणत्याच कागदावर नोंद नसेल. आशाताई आल्या तर खरे उत्तर द्या.

जमिनीच्या सहीविषयी माझे मत स्पष्ट आहे. १८ गुण म्हणजे सही चालते आणि १५ म्हणजे चालत नाही, अशी कोणतीही रेषा नाही. तो कागद कशाचा आहे, सही केल्याने काय जाईल आणि कोणाला मिळेल, हे त्या वेळी त्यांना समजते का आणि त्या ते आपल्या शब्दांत सांगू शकतात का, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एखाद्या स्वतंत्र डॉक्टरांनी व वकिलांनी त्यांच्याशी बोलून द्यायचे असते. गुण टिकून आहेत तोवर उरकून घेऊ, या घाईतून झालेली सही पुढे भावाभावांना कोर्टात नेते. आणि फाइलची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे कृपया थांबवा. आत्याबाईंच्या लघवीवरच्या ताब्याची नोंद चुलत जावांनी वाचावी, असे त्यांनी कधी म्हटलेले नाही. भाऊजींना लागेल ती माहिती फोनवर सांगा.

पुढच्या भेटीला जाताना वही, औषधांची पिशवी, चष्मा आणि आधीच्या चाचण्यांचे संपूर्ण कागद न्या, केवळ शेवटची बेरीज नको. शक्यतो एकाच डॉक्टरांकडे, एकाच चाचणीने, साधारण त्याच वेळी तपासणी होईल असे पाहा. ब-१२ आणि थायरॉइडची तपासणी निदानाच्या वेळी झाली होती का, तेही विचारा, आणि कानात मळ किंवा बहिरेपणा नाही ना, हे पाहून घ्या. न ऐकू आलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे म्हणूनच लिहिले जाते. तुम्हाला झोप नाही, असे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिले आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि ज्येष्ठांच्या सोयी-सवलतींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

भाऊजी दिवाळीला चार दिवस येणार आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्या चार दिवसांत दुपारी चार ते रात्री नऊ आत्याबाई त्यांच्याकडे सोपवा आणि वहीतल्या नोंदीही त्यांनाच करू द्या. तुम्ही त्या वेळात घरात थांबू नका, माहेरी जाऊन या. डॉक्टरांकडे जाताना त्यांनी लिहिलेली पानेही सोबत न्या.